भुरी म्हशीचा श्वास

शालू, फोन असा कुणी ठेवतं का?

भांडण अर्ध्यावर, माझं वाक्य तोंडात, आणि तू म्हणालीस, "रविवारी भेटू तेव्हा सांगते तुले." खट्. मी इकडे शहराच्या या टोकाला, जानकीपुरममध्ये, मुका फोन कानाला लावून उभी. म्हटलं, ठीक आहे, रविवारी बघते हिच्याकडे. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना तुझ्या एकेका मुद्द्याला उत्तरं जुळवत होते. चांगली उत्तरं होती गं. अजून आहेत. त्यांचं काय करायचं ते तरी सांगून जायचंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचाचा फोन आला. "मौसी, मम्मी नहीं रहीं." मी तिला विचारलं, "कुठे गेली?" खरंच असंच विचारलं मी. तुझ्या लेकीला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं ती हिंदीत देते. ती रडायला लागली तरी माझ्या डोक्यात हेच, की तू तुमच्या तेलीबागच्या बाजारात गेली असशील आणि फोन घरी विसरली असशील.

कोथिंबीर घ्यायला तू फाटकापाशी आलीस, दिलीपभाऊजींच्या स्कूटरला टेकलीस आणि सीटवर बसलीस. एवढंच. ठेलेवाला तोलत होता. तो बिचारा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, "आंटी बैठी थीं. हमने सोचा, आज मोलभाव का मन नहीं है." शालू, तू आणि भाव न करता बसशील? त्याला तिथेच कळायला हवं होतं. मी त्याच्यावर चिडलेही. मग पाहिलं तर तो कोथिंबिरीची जुडी तुमच्या फाटकाच्या कडीत अडकवून गेला होता, आणि ती काढायची कुणाची हिंमत होत नव्हती.

तुला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. पांढरी साडी, उशाशी मेणबत्त्या. सगळ्या बायका रडत होत्या आणि मी टक लावून तुझ्या पापण्यांकडे बघत होते. तुला तरी कळलं असतं मी काय करतेय. कार्टूनवाल्या सक्सेना साहेबांनी आपल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं ना, की पडद्यावर स्थिर ठेवलेलं चित्र मेलेलं दिसतं. प्राणी काही करत नसला तरी अधूनमधून त्याची पापणी लववायची. मी आयुष्यभर पापण्या लववल्या. बगळ्याच्या, बेडकाच्या, बदकांच्या. मी तिथे उभी राहून वाट बघत होते. आता लवेल, आता लवेल. शेवटी ऋचाने दंड धरून मला बाजूला केलं.

ज्यांना तू माहीत नव्हतीस, त्यांनाही भुरी माहीत होती. घरोघरी एकच वाहिनी दिसायची त्या काळात 'पोखर की पंचायत' ही आपली कार्टून मालिका लागायची. एक तळं, तळ्यावरचे प्राणी, आणि रोज त्यांचं एक भांडण. तक्रार बोलून करायची नाही, गाऊन करायची, हा पंचायतीचा नियम. बगळा गाऊन खोटं बोलायचा, बेडूक गाऊन कांगावा करायचा, आणि सरपंच भुरी म्हैस चिखलात बसल्या बसल्या गाऊन निकाल द्यायची. तिच्या मागे बदकांचा कोरस. हे सगळं लखनौत, एका पिठाच्या चक्कीच्या माडीवर, दोन खोल्यांत तयार व्हायचं, हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. चक्की सुरू झाली की रेकॉर्डिंग बंद. तेवढ्या वेळात तू बदकांना शेंगदाणे वाटायचीस. बदकं म्हणजे कॉलनीतल्या शाळकरी मुली.

तुला तिथे मीच ओढून नेलं. नवरे दोघींचेही नोकरीपायी इथे आलेले, माझा औषध संशोधनात, तुझा सरकारी खात्यात. मी साताऱ्याची, चित्रकला शिकलेली आणि घरात बसून सडलेली. तू नागपूरची. मराठी मंडळींच्या एका हळदीकुंकवाला तू आली नाहीस, पण त्याच घरी दुसऱ्या दिवशी बारशाला आलीस आणि पाळणा म्हणालीस. पाळणा ऐकून बाळ उठलं. एवढा आवाज! मी दुसऱ्याच दिवशी सक्सेना साहेबांना सांगितलं, म्हैस सापडली. हे तुला कळल्यावर तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस. मग स्वतःच आलीस आणि म्हणालीस, "म्हशीच्या तोंडून गायला काय लाज? तोंड तर दिसत नाही ना माझं?"

तोंड का दिसू द्यायचं नव्हतं, ते पुष्कळ नंतर सांगितलंस. तुझे बाबा वस्तीतल्या गायन पार्टीचे मुख्य गायक. माइक मिळाला तर मिळाला, नाहीतर मोकळ्या मैदानात नुसत्या छातीच्या जोरावर. त्यांच्या मांडीशी बसून तू गाणं शिकलीस. लग्नानंतर इथे एका गाण्याच्या शाळेत हौसेने नाव घातलंस, आणि तिथल्या गुरुजींनी सगळ्यांसमोर लोहाराच्या भात्यासारखी छाती फुगवून तुझी नक्कल केली. "साँस लेती हो कि धौंकनी चलाती हो? मोहल्ले का गाना मोहल्ले में छोड़कर आया करो." तू परत गेली नाहीस. मला हे सांगताना तू हसत होतीस आणि चहात साखर घालत होतीस. तुझा चहा त्या दिवशी कुणालाच पिता आला नाही.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. लोकांना वाटतं, आधी चित्रं काढतात आणि मग कुणीतरी त्यांच्यात आवाज भरतं. गाणाऱ्या प्राण्यांचं उलट असतं. आधी गाणं. टेपवर तू गायलीस, की ती टेप मी कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकायची, एकेक अक्षर कुठे पडतं ते कागदावर मांडायचं, आणि त्या हिशेबाने भुरीचं तोंड उघडायचं, मिटायचं. त्या टेपवर मला अक्षरांच्या आधी तुझा श्वास ऐकू यायचा. खोल, भरदार, खालून वर येणारा. मी कागदावर तिथे एक छोटा गोल काढायची आणि त्या गोलावर भुरीची मान फुगवायची, बरगड्या वर उचलायची. पहिला भाग पाहून सक्सेना साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, "अरे, ये तो ज़िंदा है!" आणि तू रागाने लाल. तुझं म्हणणं, श्वास कापून टाका. माझं म्हणणं, कापला तर भुरी मरेल. साहेबांनी माझी बाजू घेतली आणि तू ते कधीच विसरली नाहीस.

इंदिरा नगरच्या बाजारातला तो प्रसंग आठवतो? एका मुलीने आईच्या मागे उड्या मारत, आधी छाती भरून "हँऽऽ" असा श्वास घेतला आणि मग भुरीचा निकाल गायला सुरुवात केली. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. तू मात्र पिशवी उचलून चालायला लागलीस. "पाहिलं? पोट्टेही माझी टिंगल करून राहिले."

"टिंगल नाही शालू, कीर्ती आहे ही."

"तुझी असेल. मले नको."

मी मोठ्याने हसले, रस्त्यातच. तू हसली नाहीस. तुझ्या डोळ्यांसमोर ते गुरुजी उभे होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती उड्या मारणारी मुलगी. एकाच रस्त्यावर उभ्या राहून आपण दोन निरनिराळी माणसं बघत होतो.

मग मालिका बंद झाली. बाहेरून गुळगुळीत, चकचकीत कार्टून यायला लागली होती. चक्कीवरच्या म्हशीला कोण विचारतं? आणि आपल्या कामाची रीतच अशी, की मागे काही उरू नये. पारदर्शक शीट मुश्किलीने मिळायच्या, म्हणून भाग पुरा झाला की त्यावरची चित्रं नळाखाली धुऊन काढायची आणि त्याच शीटवर पुढचा भाग रंगवायचा. मी धुवायची, तू पुसायचीस. भुरीचा करडा रंग मोरीतून वाहून जायचा आणि तू दर वेळी तेच म्हणायचीस, "गेली म्हैस पाण्यात." तिकडे दूरदर्शन केंद्रावर मालिकेच्या टेपांवर दुसरे कार्यक्रम भरले गेले. आपण दोघींनी मान हलवली, संसार केले, मुलं मोठी केली, आणि जानकीपुरम ते तेलीबाग एवढं लांब अंतर कापून महिन्यातून एकदा भांडायला भेटत राहिलो.

आणि मग ती सना आली. जुने कार्यक्रम शोधून पुन्हा उभे करणारी, या शहरात वाढलेली, गोड बोलणारी मुलगी. सक्सेना साहेबांच्या घरी तुझ्या गाण्यांच्या टेपा निघाल्या. कुणा हौशी प्रेक्षकाने घरच्या व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवलेले काही भाग निघाले. रेघा पडलेले, रंग उडालेले, पण निघाले. सना ती चित्रं आणि तो आवाज पुन्हा जोडत होती. रविवारी लहानशा सभागृहात तिचा कार्यक्रम ठरला. आपण दोघी पहिल्या रांगेत. तू साडीही काढून ठेवली होतीस, ऋचाने दाखवली मला. मोरपंखी. तोंड दिसलं तरी चालेल, असं कधी ठरवलंस गं तू?

सनाने तुला सहज विचारलं होतं, "शालू आंटी, आवाज़ साफ़ कर रहे हैं, खरखराहट के साथ साँसें भी हट सकती हैं. हटा दें?" तुला तेच हवं होतं. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. शेवटच्या फोनवर तू जिंकलेल्या आवाजात मला म्हणालीस, "सांगून टाकलं त्या पोरीले. साफ कर म्हटलं. हापत राहते माझी म्हैस, कसं दिसते ते!"

"धापा टाकत नाही, जगते ती," मी म्हणाले.

"कुंदे, चित्र तुझं आहे, तर चित्राचं तू पाहा. आवाज माझा आहे. माझ्या आवाजाचं मी पाहीन."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणूनच मी तोंड उघडलं, आणि म्हणूनच तू फोन ठेवलास.

तू गेल्यावर चार दिवसांनी सनाचा फोन आला. पोरगी रडवेली झाली होती. "आंटी, इतवार को करें कि रहने दें? और वो साँसों वाली बात... उन्होंने तो हाँ कहा था. आप क्या कहती हैं?" मी म्हटलं, कार्यक्रम कर. आणि श्वास काढ. गेलेल्या माणसाशी कसलं भांडायचं? तुझा आवाज, तुझा शब्द. मला वाटलं, मी फार मोठं मन केलं.

तिने साफ केलेला भाग पाठवला. मी घरी दुपारी एकटीनेच बघितला. आवाज इतका लख्ख, की चक्कीच्या माडीवर तू कशी काय एवढं स्वच्छ गात होतीस, असं वाटलं. पण काहीतरी बिनसलं होतं. भुरीची मान फुगत होती, बरगड्या उचलत होत्या, मी काढल्या तशाच, आणि श्वासाचा आवाजच नाही. मी पाण्यावर रेघा ओढल्यासारखं ते सगळं फुकट हलत होतं. आणि बदकं! बदकं कुठूनतरी अचानक गायला लागायची. चूक नव्हती, वेळेवरच होती, तरी दर वेळी मी दचकत होते. मी सनाला कळवलं, छान झालंय. दुसरं काय कळवणार?

शनिवारी तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, तुमच्याच घराच्या गच्चीवर. शहरातली आपली सगळी मराठी माणसं आली होती. बुद्धवंदना सुरू करायची वेळ झाली. त्रिशरण, पंचशील, इतक्या वर्षांत तुमच्याकडे येऊन येऊन मलाही पाठ झालेलं. भाऊजींच्या मित्राने सुरुवात केली. दोघं त्याच्याबरोबर निघाले, बाकीचे मागून, पाठच्या रांगेतल्या बायका त्याहून मागे. पुढच्या ओळीला तसंच. सगळ्यांना सगळं येत होतं आणि कुणाचंच कुणाशी जुळत नव्हतं. दर ओळीआधी एक विचित्र रिकामी जागा पडत होती आणि त्या जागेत सगळे एकमेकांकडे बघत होते. मला कळेना आपण सगळे कशासाठी थांबतोय.

ऋचा माझ्या कानाशी झुकली. "मौसी, सब मम्मी की साँस सुनके उठाते थे."

"काय म्हणालीस?"

"हाँ ना. नाना की पार्टी में भी ऐसे ही होता था. आगे वाला ज़ोर से साँस लेता है, पीछे वाले उसी पे उठाते हैं. मम्मी ने मुझे बचपन में सिखाया था."

शालू, मला गच्चीवर बसल्या बसल्या चक्कीची ती माडी दिसली. तू माइककडे तोंड करून उभी असायचीस, बदकांकडे पाठ करून. हात हलवायची सोय नाही, मान वळवायची सोय नाही. आणि त्या शेंगदाणे खाणाऱ्या मुली एका क्षणाचाही फरक न करता एकदम सूर उचलायच्या. साहेब म्हणायचे, कमाल का तालमेल है. मी कागदावर तुझ्या श्वासाचा गोल काढायची आणि त्याच्या लगेच पुढे बदकांच्या चोची उघडायची. भाग संपले, मालिका संपली, तरी त्या दोन खुणा शेजारी शेजारी का असतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्याला जीव म्हणत होते. ते गुरुजी त्याला भाता म्हणाले. आणि ती तर तुझ्या बाबांनी तुझ्या हाती दिलेली रीत होती, मागच्यांना सांगायची, की चला, आता सगळे मिळून. तुला हे माहीत होतं. लेकीला शिकवलंस. वस्तीत, घरात, वंदनेत तो श्वास तू बिनधास्त घेत होतीस. मग परक्यांच्या कानावर पडताना तेवढी त्याची लाज का वाटू दिलीस? आणि मला का नाही सांगितलंस? मी काय परकी होते? हा माझा मुद्दा नवा आहे, आणि याचं उत्तर मला पाहिजेच होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी ऋचाला स्वयंपाकघरात गाठलं. सगळं सांगितलं. म्हटलं, आवाज तुझ्या आईचा, आता तू सांग. तिने ओल्या हातांनी डोळे पुसले आणि म्हणाली, "मौसी, ये आप दोनों की लड़ाई है. मैं बीच में नहीं पड़ूँगी. मम्मी भी यही कहतीं." मग भांडी रचता रचता मराठीत म्हणाली, "पण मला आईचा श्वास पाहिजे." तिला मराठीत बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी तुमच्या फाटकात उभी राहून सनाला फोन लावला. कडीत ती कोथिंबीर अजून होती, पार वाळून गेलेली. "बेटा, साँसें वापस रख दो. सारी." ती म्हणाली, "जी आंटी. पर शालू आंटी ने तो..." मी म्हटलं, "उनसे मैं निपट लूँगी."

आज कार्यक्रम झाला. तुझ्या खुर्चीवर मी मोरपंखी साडी ठेवली होती, ऋचानेच दिली. पडद्यावर रेघा होत्या, रंग विटलेले होते, माझी भुरी चिखलात बसलेली होती. तिने मान फुगवली. आणि सगळ्या सभागृहात तुझा श्वास ऐकू आला, शालू. मी मेलेच. तुला जाळून आल्यावर आठवडा झाला आणि तू माझ्या डाव्या बाजूला श्वास घेतलास. मागच्या रांगांत आपल्या वयाच्या बायका बसल्या होत्या, कुणाकुणाच्या हाताशी नातवंडं. बदकांनी उचललं, त्याबरोबर त्यांनीही उचललं. शब्द येत होते त्यांना. सगळ्या एकदम, एका क्षणाचाही फरक नाही. टिंगल नव्हती गं ती. वळून बघायला तू हवी होतीस.

तुझा शब्द मी मोडला. आवाज तुझा होता आणि त्याचं मी पाहिलं. तुला पटणार नाही, माहीत आहे मला, तू नाक फुगवशील, "कुंदे, तुले कोणी सांगितलं होतं?" म्हणशील. म्हण ना. उत्तरं तयार आहेत माझ्याकडे, आता तर जास्तच. भांडायला ये. सुरुवात तूच कर, नेहमीसारखी. तू श्वास घेतलास की मी उचलते.